वाढत्या अंगाचा

लासुर्ण्यातल्या आमच्या टेलरकडे मापाची टेप आहे, पण ती गळ्यात अडकवण्यापुरती. शाळेचा गणवेश शिवायला पोरगं घेऊन कुणी दुकानात शिरलं की तो मशीनवरून मान वर करतो, पोराला वरपासून खालपर्यंत एकदा बघतो आणि आईबापाला विचारतो, "वाढत्या अंगाचा ना?" आईबाप म्हणतात, "व्हय." झालं माप.

वाढत्या अंगाचा म्हणजे काय हे ज्यांना सांगावं लागतं, त्यांचे लहानपणी फार लाड झाले असं मी समजते. पोर आज केवढं आहे याच्याशी त्या कपड्याचा काही संबंध नसतो. ते पुढं केवढं होईल याचा तो एक अंदाज असतो. खांदे दंडावर उतरतात, बाही बोटं झाकते, कमरेला सेफ्टी पिना लागतात आणि स्कर्टाला आतून चांगली रुंद दुमड असते. दर जूनला ती दुमड थोडी उसवायची आणि स्कर्ट खाली सोडायचा. धुऊन धुऊन वरचं कापड फिकं झालेलं असतं, दुमडीतलं मात्र कोरं. त्यामुळं खाली एक गडद पट्टा दिसतो. आमच्या भागात पोरीचे पट्टे मोजून ती या शाळेत किती वर्षं आहे हे सांगता येतं.

मी बारामतीत एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन अगदी नेमकं मोजून देते. घरच्या दोन पोरींच्या बाबतीत मात्र मीही टेलरसारखीच. थोरलीला पहिलीत घातलं तेव्हा गणवेश होता गडद निळा स्कर्ट आणि पांढरा शर्ट. निळा म्हटल्यावर माझे सासरे, म्हणजे आबा, एकदम खूश. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून या घरात दोन गोष्टींवर वाद चालत नाही: पोरांनी शाळेत जायचं आणि स्वच्छ, इस्त्रीचा कपडा घालून जायचं. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर आबांनी घरातली इस्त्री ताब्यात घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. सकाळी ते त्या निळ्या स्कर्टाच्या चुण्या अशा करकरीत बसवायचे की पोरीला रिक्षात बसायची भीती वाटायची.

पण आबांच्या इस्त्रीनं कपडा कडक होतो, लहान होत नाही. पहिल्या वर्षी थोरली त्या स्कर्टात चालायची तेव्हा स्कर्ट एक पाऊल मागं असायचा. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव तंबू ठेवलं. ती रडत घरी आली की मी म्हणायची, "पुढच्या वर्षी बघ कसा फिट बसतोय." पुढच्या वर्षी तो तंबूचा झगा झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी खरंच, अगदी मोजून घेतल्यासारखा, अंगाला बसला. पोरगी आरशासमोर गोल फिरली. त्याच आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर शाळेचा मेसेज आला. गणवेश बदलला होता. निळ्याऐवजी राखाडी चौकडा.

कारण काय, तर शाळेला आधुनिक रूप द्यायचं होतं. भिंतींचा रंग तसाच, संडासाचं दार तसंच मोडकं, आणि आधुनिक रूप म्हणे स्कर्टाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्रुपवर लांबलचक काहीतरी लिहिलं, मग पुसलं आणि नमस्काराचा हात टाकला. पोरगी त्यांच्या ताब्यात असते दिवसभर, काय बोलणार?

धाकटी तेव्हा शाळेत जायच्या बेतात होती. तिच्यासाठी मी थोरलीचे निळे स्कर्ट जपून ठेवलेले. आमच्याकडं गणवेश एकट्याचा नसतोच. थोरलीचा धाकटीला, धाकटीचा जावेच्या पोरीला, तिथून सांगवीला नणंदेकडं असा त्याचा प्रवास ठरलेला असतो. शाळेनं एक रंग बदलला की आमच्या चार घरांची साखळी तुटते. ते निळे स्कर्ट मग आबांच्या स्कूटरच्या सीटचं कव्हर झाले. एकाची पिशवी झाली. ती पिशवी घेऊन मी भाजीला गेले की थोरली तिच्याकडं अशी बघायची, जसं लग्न मोडलेल्या माणसाकडं बघावं.

चौकड्याची गोष्ट वेगळी सांगत नाही, तीच आहे. फक्त चौकड्यात आणखी एक दुखणं होतं. दुमड उसवून स्कर्ट खाली सोडला की वरचे चौकोन विटके आणि खालचे टवटवीत, त्यामुळं पोरगी बुद्धिबळाच्या पटात अर्धी बुडाल्यासारखी दिसायची. दोन्ही पोरींना शिवला, दोघींनाही वाढत्या अंगाचा. थोरली सातवीत गेली, चौकडा नुकता कुठं कमरेला बसायला लागला, सेफ्टी पिनांचा डबा मी आवरून ठेवला. पोरगी एकदा म्हणालीसुद्धा, "मम्मी, आता बोलू नकोस फिट झालाय म्हणून. शाळेला ऐकू जातं."

ऐकू गेलंच. मे महिन्यात मेसेज आला. पांढऱ्या शर्टाला डाळिंबी कॉलर, मुलींना डाळिंबी स्कर्ट आणि मुलांना डाळिंबी पँट. कॉलरच रंगीत केल्यावर जुने पांढरे शर्टही बाद. म्हणजे शिकार पूर्ण. खाली लिहिलं होतं की कापड बारामतीतल्या अमुक एका दुकानातूनच घ्यावं, आणि पंधरा ऑगस्टच्या संचलनात नवा गणवेश नसलेल्या विद्यार्थ्यांना उभं राहता येणार नाही.

नेमकी त्या वर्षी थोरली संचलनाची प्रमुख होती. तिचा आवाज मोठा. घरात त्याचा आम्हाला त्रासच होतो, पण मैदानावर त्याची किंमत होते हे शाळेनं ओळखलं. सगळ्या शाळेच्या पुढं एकटीनं उभं राहून "सावधान" म्हणायचं होतं. पोरगी खूश होऊन घरी यायला पाहिजे होती, पण ती आली ती तोंड पाडूनच. मी विचारलं तर म्हणाली, "मम्मी, मी पुढं उभी राहणार. एकटी. मागं लपायला कुणी न्हाय. मला या वेळी माझ्या मापाचा शिव."

"बघू," मी म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत होतं.

पालकांची सभा झाली. ठरावीक दुकानातूनच घ्या म्हटल्यावर लोक चिडलेले, सगळा हॉल भरलेला. दुकानाचा विषय निघताच एवढा गलका झाला की मुख्याध्यापक मॅडमनी लगेच माघार घेतली. मॅडम पुण्याहून आलेल्या, स्वभावानं चांगल्या, फक्त आमची त्यांना अजून सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. कापड कुठूनही घ्या. फक्त रंग डाळिंबी असला पाहिजे." आम्हाला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात इंदापूरकडचे एक बागायतदार उठले. त्यांची पाच-सहा एकर डाळिंब आहे आणि पोरगा आमच्या धाकटीच्या वर्गात. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, भगवा का गणेश?"

मॅडमचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "हे बघा, शाळेत आपण धर्म आणायचा नाही. इथं सगळ्या धर्मांची मुलं शिकतात."

हॉलमध्ये असा हशा उठला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. आबा माझ्या शेजारी बसलेले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. कुणीतरी मॅडमना समजावून सांगितलं की भगवा आणि गणेश या डाळिंबाच्या जाती आहेत. भगव्याचा दाणा लालभडक, गणेशचा फिकट गुलाबी. बागायतदार हसले नव्हते. त्यांचा प्रश्न खराच होता. ते पुढं म्हणाले, "बरं, जात राहू द्या. रंग सालीचा घ्यायचा का दाण्याचा? साल घ्यायची तर बाग कुठल्या महिन्यातली? आणि सालीवर तेल्या रोगाचे डाग असत्यात, ते बी पाडायचे का कापडावर?"

आता सगळ्यांनाच प्रश्न पडायला लागले. एक बाई म्हणाल्या, डाळिंबी म्हणजे माझ्या लग्नातल्या शालूचा रंग, तो जांभळ्याकडं झुकतो. माझ्या मागं बसलेलीचं माहेर कोकणातलं. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं डाळिंबी म्हणजे वालाची उसळ. ती हिरवट असते हो." मला विचाराल तर माझ्या डोळ्यापुढं लॅबमधल्या रक्ताच्या नळ्याच आल्या होत्या. पण ते मी बोलले नाही, नाहीतर पोरांच्या पँटींचा विषय भलतीकडंच गेला असता. मॅडम पाणी प्यायल्या आणि त्यांनी जाहीर केलं, "डाळिंबी म्हणजे डाळिंबी. सभा संपली."

फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापाशी सगळ्यांचं एकमत झालं. बागायतदार म्हणाले, "हा रंग टिकायचा न्हाय. हितं एका घराचा दुसऱ्या घराशी मेळ न्हाय बसायचा. दिवाळीनंतर बदलत्यात बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरी नवरा कारखान्याच्या ऑफिसातून आला, त्यानंही ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बदलणारच." एवढं ठाम मत त्यानं त्यापूर्वी कशावर दिल्याचं मला आठवत नाही.

आबा इस्त्री करत होते. ते म्हणाले, "सूनबाई, बदलणारच हाय तर वाढत्या अंगाचा कशाला शिवतीस? पोरीला मापाचा शिव की."

एवढी सरळ गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गणवेश टिकावा म्हणून मोठा शिवायचा, आणि शाळा तो टिकू देत नाही. मग मोठा शिवतोय कुणासाठी? स्कूटरच्या सीटसाठी?

आबा पुढं बोलले. इस्त्री उभी करून ठेवली तेव्हाच मला कळलं की आता ते गमतीत नाहीत. "मी शाळंत असताना अंगात कुणाचा तरी जुना सदरा असायचा. ज्याचा होता त्याच्या बी मापाचा नसंल तो. मला अंगाला बसलेला पहिला कपडा माहितीये कुठला? कारखान्याची खाकी. तवा मी बाविशीचा हुतो. आरशात बघितलं तर वाटलं, आरं, मी एवढा मोठा हाय व्हय? मला वाटायचं मी लईच बारका हाय." मग ते हसले आणि परत इस्त्री फिरवायला लागले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या पोरीलाही आरशात कायम तंबूच दिसत आला होता, ती त्याच्या आत कुठंतरी होती.

दुसऱ्या दिवशी कापड घेतलं. दुकानदारानं डाळिंबी म्हणून जे ठाण टाकलं ते मी मुकाट्यानं उचललं. टेलरनं थोरलीकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "वाढत्या अंगाचा ना?"

"नाही," मी म्हटलं. "मापाचा."

तो थांबला. "मापाचा म्हंजी?"

"म्हणजे ती आत्ता जेवढी आहे तेवढा."

त्यानं मशीन बंद केलं. गळ्यातली टेप काढली, उलगडली, आणि तिच्यावरचे आकडे पुसले गेलेत हे आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. शेवटी शेजारच्या कापडवाल्याची टेप आणली. थोरली हात पसरून उभी राहिली. तो आकडे बोलत होता आणि ती प्रत्येक आकड्याला मान हलवत होती, आपलं बक्षीस कुणी वाचून दाखवतंय तशी. धाकटी बाकड्यावर बसून बघत होती. तिला मी म्हटलं, तुझा वाढत्या अंगाचाच, तुला काय कुठं पुढं उभं राहायचं नाही.

पंधरा ऑगस्टला मैदानावर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. पहिली ओळ विटेसारखी लाल. दुसऱ्या ओळीत शालूवाल्या बाईंची दोन पोरं, चक्क वांगी रंगात. मधेच गुलाबी, मधेच तपकिरी, आणि बागायतदारांचा पोरगा, बापानं फळ घेऊनच दुकानात जाऊन जुळवलेल्या रंगात, सगळ्यांत बरोबर आणि सगळ्यांत वेगळा. सबंध शाळेत दोन डाळिंबं एका झाडाची नव्हती. मॅडम झेंड्याकडं बघत उभ्या होत्या, दुसरीकडं बघायची त्यांना हिंमत नव्हती.

मग थोरली पुढं आली. शर्टाचे खांदे तिच्या खांद्यांवर होते. बाही मनगटापाशी थांबली होती. स्कर्ट तिच्याबरोबरच वळला आणि तिच्याबरोबरच थांबला. एवढी उंच आहे ही? मी आई असून मला माहीत नव्हतं. तिनं "सावधान" अशी हाक दिली की मैदानापलीकडच्या उसातली पाखरं उठली आणि सगळे रंग एका दणक्यात ताठ झाले. आबांनी टोपी काढून परत घातली. मी रडले. सरळ सांगते, झेंड्यासाठी नाही, त्या खांद्यांसाठी रडले.

दिवाळी झाली. गणवेश बदलला नाही. जानेवारी आला, बदलला नाही. का, तर कुठल्याशा पाहुण्यांनी शाळेला भेट दिली आणि मुलांच्या कपड्यांतल्या रंगांच्या छटा बघून मॅडमचं कौतुक केलं, काय सुंदर कल्पना आहे म्हणून. झालं. डाळिंबी कायमचा झाला. आयुष्यात एकदा मी शाळेवर विसंबून मापाचा शिवला आणि शाळेनं नेमका तेव्हाच शब्द पाळला.

आणि पोरगी? तिनं त्याच वर्षी वाढायचं ठरवलं. मापाचा कपडा मिळाल्यावर अंगाला उत्साह आला असावा. होळीपर्यंत बाही कोपराकडं निघाली, स्कर्ट गुडघ्यावर चढला आणि उसवायला आत दुमडच नव्हती. जूनमध्ये परत टेलरकडं. या वेळी त्यानं आपणहून टेप हातात घेतली, नवी आणली होती. पण थोरलीच म्हणाली, "काका, वाढत्या अंगाचा शिवा. मला चालतो आता."

मी लगेच मान डोलावली. पैसे वाचणार होते, आणि वाचणारे पैसे कुणाला नको असतात.

तिचा मापाचा स्कर्ट, एकच वर्ष वापरलेला, धाकटीकडं आला, कारण धाकटीचा स्वतःचा वर्षभरात पायात येऊन फाटला होता. धाकटीनं तो घातला आणि आरशासमोर उभी राहिली. थोरलीच्या मापाचा म्हणजे तिच्यासाठी वाढत्या अंगाचा, घरबसल्या, शिलाईशिवाय. मी म्हटलं, वा, पिना लावू, दोन वर्षांत बसेल. धाकटी दोन्ही हातांनी कंबर धरून उभी होती. ती आपल्या बहिणीला म्हणाली, "दीदी, मी पण तंबू झाले."

थोरली उठली. तिनं स्कर्ट काढून घेतला, टाके घालून कंबर आत घेतली, खालच्या बाजूला खडूनं खूण केली आणि माझी मोठी कात्री उचलली.

"अगं, काय करतेस? आत दुमड घाल, टाके घाल, पुढच्या वर्षी सोडता येईल!"

"दुमडला की फुगतो मम्मी. जड होतो. मला माहितीये."

"मग पुढच्या वर्षी काय घालेल ती?"

"ती यंदा शाळेत जाणारे," थोरली म्हणाली, आणि कात्री चालवली.

कापड कापल्याचा तो आवाज माझ्या काळजातून गेला. जावेची पोरगी गेली, सांगवीची नणंद गेली, सगळी साखळी त्या एका पट्टीबरोबर खाली पडली. मी कपाळाला हात लावला. आबांनी मात्र इस्त्रीचं बटण दाबलं आणि म्हणाले, "दे हिकडं, गरमच हाय."

धाकटी त्या स्कर्टात वर्षभर शाळेत गेली. एकदाही तिनं कमरेला हात लावलेला मी बघितला नाही. पळायची, खोखो खेळायची, शाळेतून आल्यावर आरशासमोर उगाच "सावधान" म्हणायची.

ती कापलेली पट्टी मी टाकली नाही. मी काही टाकत नाही. पुढच्या जूनला धाकटीही वाढली, तेव्हा ती पेटीतून काढून टेलरकडं घेऊन गेले आणि म्हटलं, "हे होतं तिथं परत जोडून द्या." त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, तिच्या कमरेला आणि गुडघ्याला टेप लावली आणि मुकाट्यानं जोडून दिलं. स्कर्ट वर्षभर धुऊन फिका झालेला, पट्टी पेटीत राहून गडद. उंचीला बरोबर पुरला, रंगाला अजिबात जुळला नाही. पण आमच्या शाळेत डाळिंबी कुणाचाच जुळत नाही.